उस्तादांचा पाय आणि पिवळा दिवा

"मी काय केलं? सांग की, मी काय केलं?"

कांदा मार्केटच्या गेटासमोर, सकाळच्या ऐन गर्दीत, उस्ताद ओरडत होते. गाडीच्या काचा बंद, आत ते एकटेच, आणि तोंड स्टिअरिंगमागच्या काट्यांकडे. मागे तुंबलेल्या टेम्पोंची रांग सुप्यापर्यंत तरी गेली असावी. बरं, सुप्यापर्यंत नसेल, पण पुलापर्यंत नक्की होती. एक हमाल मला म्हणाला, म्हातारा फोनवर बायकोशी भांडतोय. उस्तादांच्या बायकोला जाऊन बारा वर्षं झाली होती, म्हणून मी जवळ जाऊन काचेवर टकटक केलं.

काच खाली आली. उस्तादांनी मला खाली बघायला लावलं.

"बघ. कांद्याचं टरफल हाय. टरफल. आन् ही म्हनती, गाडी घसरली."

काट्यांच्या मधोमध एक पिवळा दिवा लुकलुकत होता. त्यात एक चिमुकली गाडी, आणि तिच्यामागे सापाच्या वळणाच्या दोन रेघा. तुमच्याकडे नवी गाडी असेल तर तुम्हीही पाहिला असेल. चाक जमिनीवर सरकतंय असा गाडीला संशय आला की ती इंजिनाची ताकद आपल्या मनानं कमी करते आणि हा दिवा लावते. तुम्ही पाय दाबत राहा, ती ऐकत नाही. बर्फाच्या देशांत ह्यानं माणसांचे जीव वाचतात म्हणे. नगरला बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो.

पण ह्या गाडीचा संशय जरा जास्तच होता. ओल्या शेणावर दिवा लागे. कोणी मळणीसाठी रस्त्यावर बाजरी पसरली असली की लागे. एकदा तर रस्त्यात पडलेल्या लग्नपत्रिकेवरून चाक गेलं तेव्हा लागला, आणि पत्रिका तर घरातल्याच माणसाची होती. उस्तादांनी गाडी शोरूमला नेली. तिथल्या मुलानं लॅपटॉपची वायर गाडीला जोडली, अर्धा तास पडद्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "काका, गाडीत काही दोष नाही. दोष रस्त्यात आहे."

"मंग रस्ता आनू का सर्व्हिसिंगला?" उस्तादांनी विचारलं. तो मुलगा म्हणे अजून विचार करतोय.

आता उस्ताद कोण, ते सांगतो. नाव सांगत नाही, कारण नगरात निम्म्या लोकांना कळेलच, आणि उरलेल्या निम्म्यांना गाडी येत नाही. आमच्याच गल्लीत राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. मी त्यांचा विद्यार्थी, मग शेजारी, आणि नागापूरला एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप झाल्यावर त्यांच्या जुन्या गाडीचे सुटे भाग कातून देणारा.

त्यांच्या शाळेत पहिला धडा एकच. चप्पल काढायची.

"पायाला कळू दे," ते म्हणत. "डोळ्याला मागनं कळतं. पायाला आधी."

त्यांचा स्वतःचा पाय काय होता, ते काय सांगू? डोळ्यांवर पंचा बांधून बसवलं असतं तरी पारनेरची हद्द कुठे संपली ते त्यांनी तळपायानं सांगितलं असतं. खालचा रस्ता कोणत्या ठेकेदारानं केलाय हेही त्यांना कळायचं, आणि त्यानं खडी कुठे वाचवली तेही. ह्यात मी फारतर दोन आणे वाढवून सांगतोय.

काढलेल्या चपलेचं पुढे काय होई, ते ऐका. दुसऱ्या आठवड्यात उस्ताद रेल्वेच्या पुलाच्या चढावर गाडी थांबवायला लावत, खाली उतरत आणि विद्यार्थ्याचीच चप्पल मागच्या चाकाला चिकटवून ठेवत. मग म्हणत, "उचल." गाडी वीतभर मागे आली तरी चप्पल गेली. माझ्या चार जोड गेल्या. त्या चढाच्या पायथ्याला एका चांभारानं दुकान टाकलं ते उस्तादांच्या भरवशावर, आणि त्याच दुकानावर त्यानं पोरीचं लग्न केलं असं मी सगळीकडे सांगतो. उस्तादांनी कधी ते खोडून काढलं नाही.

कोणी चुकलं की ते रागवत नसत. खिडकीबाहेर बघत म्हणत, "तू कायी शिकला न्हाईस." बस. आणि जमलं की म्हणत, "कळलं पायाला." ह्या दोन वाक्यांवर त्यांनी आख्खा जिल्हा चालता केला.

शाळा बंद झाली आणि पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं ही नवी गाडी घेऊन दिली. मोठी, पांढरी, सात जणांची. मुलगा भला. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याला वडिलांच्या वयाची काळजी होती, आणि ह्या गाडीत काळजीची सोयही होती. दिवा लागला की मोबाईलवर निरोप जायचा. चाक घसरले, अमुक ठिकाणी, अमुक वाजता. ती यंत्रणा बंद करायला एक बटण होतं, पण ते दाबलं तरी निरोप जायचा. गाडी चुगलीखोर होती आणि त्यात तिनं काही हातचं राखलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात मुलाचा मोबाईल म्हणे कोंबडीसारखा कुटकुटत होता. शेवटी तो नगरला आला, माझ्या मोबाईलवर ते सगळं चढवलं आणि म्हणाला, "काका, मीटिंगमध्ये वाजतं हो. मी माझ्याकडचं बंद करतो. तुम्ही शेजारी आहात, तुम्ही बघत जा आणि रविवारी मला सांगत जा. आण्णांचा पाय आता पहिल्यासारखा राहिलेला नसेल."

असा मी हेर झालो. उस्तादांना हे ठाऊक होतं. सकाळी गाडी पुसताना मला विचारायचे, "काय म्हनतंय तुमचं खातं?"

आणि इथे माझी खरी पंचाईत झाली. तुम्ही मला इतक्या वेळात ओळखलंच असेल. माझ्याकडे एक साप निघाला तर गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत सात होतात. अशा माणसाला आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट लहान करून सांगायची वेळ आली. आठवड्यात वीस निरोप आले की मी रविवारी दोन सांगायचो. दोन आले की म्हणायचो, ह्या आठवड्यात रेंजच नव्हती. फार जड गेलं ते. रविवारी दुपारी मला जेवण जायचं नाही.

तरी मुलाला संशय आलाच. दिवाळीच्या आधी तो आला आणि वडिलांसमोर बसून सरळ बोलला. आण्णा, भाऊबिजेला तुम्ही आत्याकडे जाता. ह्या वेळी जा. जाऊन येईपर्यंत एकही निरोप आला नाही, तर चावी कायमची तुमच्याकडे, मी पुन्हा विषय काढणार नाही. आला, तर आपण ड्रायव्हर ठेवू आणि तुम्ही मागे बसायचं. राजूरच्या बाजारापर्यंत न्या, पुढे आत्याला खाली बोलवा, म्हणजे तुम्हालाही सोपं.

इथे उस्तादांनी मान हलवून गप्प बसायचं होतं. पण चाळीस वर्षांची शाळा गप्प बसेना.

"बाजारापत्तूर कशापायी?" ते म्हणाले. "आक्काच्या दारात लावीन गाडी."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. राजूरच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. वाडीला जायला शेवटी एक चढ आहे, सुट्या मुरमाचा. मी पाहिलेला होता. त्या चढावर बकरी चालताना आधी देवाचं नाव घेते. मी मुलाकडे पाहिलं, मुलानं माझ्याकडे पाहिलं. उस्ताद चहा पीत होते. चावी गेली तर हा माणूस मागच्या सीटवर बसून काय करील, ते मला दिसत होतं. खिडकीबाहेर बघत बसेल आणि काही बोलणार नाही.

भाऊबिजेच्या सकाळी मी शेजारच्या सीटवर. उस्ताद अनवाणी. डिकीत कांद्याच्या दोन गोण्या, भरलेल्या. आक्काकडून तांदूळ यायचा, इकडून कांदा जायचा, हा त्यांचा जुना रिवाज. पण ह्या वेळी गोण्या नेहमीच्या दुप्पट होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, चढाला मागं वजन पायजे, चाक धरतं. जुन्या जीपवाल्यांची ही रीतच होती. चढ आला की मागे दगड टाका, पोती टाका, दोन माणसं लटकवा. मीही मान डोलावली. लेथवाला असून माझ्याही डोक्यात आलं नाही.

संगमनेर गेलं, अकोलं गेलं, दिवा लागला नाही. उस्ताद गाडी अशी चालवत होते की डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवला असता तर त्यात पाण्याला झोप लागली असती. राजुरात कांद्याच्या टरफलासारखं काहीतरी दिसलं तेव्हा त्यांनी त्याला मंदिरासारखा वळसा घातला. राजूर सुटलं, मोबाईलची रेंज गेली, आणि मुरमाचा चढ समोर आला.

वर वाडीच्या तोंडाशी आक्का ओवाळणीचं ताट घेऊन उभी. मागे सगळी वाडी. सणाचा दिवस, सगळे घरी, आणि करमणूक दुसरी नाही.

उस्तादांनी पहिला गिअर टाकला आणि पाय दाबला. गाडी दोन हात चढली, चाकाखालून मुरूम उडाला, दिवा लुकलुकला आणि इंजिनानं मान टाकली. पुन्हा खाली, पुन्हा वर. पुन्हा दिवा. त्यांनी पाय हळू दिला, दिवा. जोरात दिला, दिवा. डावीकडून, उजवीकडून, तिरपं. पन्नास-साठ वेळा तरी लागला असेल तो. वरून कोणीतरी सल्ला दिला, बैल जुंपा.  आक्कानं ताटातली ज्योत पदरानं झाकली, वारा होता म्हणून.

मी ती यंत्रणा बंद करायच्या बटणाकडे बघत होतो.

"न्हाई," उस्ताद म्हणाले, मी बोलायच्या आत. मग गाडी खाली सपाटीला घेऊन त्यांनी बंद केली. खाली उतरून दोन्ही पाय मातीवर टेकवले आणि दाराला पाठ लावून बराच वेळ बसले. चेहरा असा, जसा शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या माणसाचा असतो.

मग ते हळू बोलले. "लेका, ही वढती पुढच्या चाकांनी. आन् आपन वजन टाकलं मागं."

ते खरं होतं. जीप मागच्या चाकांनी ढकलायची. ही गाडी पुढून ओढणारी. चढावर तोंड वर केलं की पुढचं मुळातच हलकं होतं, त्यात आम्ही डिकीत कांदा भरून नाक आणखी वर काढलेलं. वर्षभर उगाच संशय घेणाऱ्या गाडीचा त्या दिवशीचा संशय तेवढा खरा होता, आणि चूक आमची होती.

"उलटी घेतो," ते म्हणाले.

म्हणजे काय, ते मला उस्ताद गाडी वळवायला लागले तेव्हा कळलं. गाडीचं तोंड दरीकडे, पाठ वाडीकडे. चढाला पाठ लावली की भार उताराच्या बाजूला येतो, आणि उताराच्या बाजूला आता ओढणारी चाकं होती. गोण्या डिकीतून काढल्या. एक माझ्या पायात, एक माझ्या मांडीवर. मला त्या कांद्यापलीकडे सह्याद्री दिसेना. मागचं दाखवणाऱ्या पडद्यावर त्यांनी आपली टोपी अडकवली. मग माझ्याकडे हात पसरला.

"चप्पल."

मी दिली. पंचवीस वर्षांनी दिली. ते उतरले, माझी चप्पल पुढच्या चाकाला चिकटवून ठेवली, परत येऊन बसले. उजवा पाय एकदा हवेत हलवून झटकला, माती पडली. डावा हात माझ्या सीटच्या पाठीवर टाकला, मान पूर्ण मागे वळवली, आणि उचलली.

काय सांगू तुम्हाला? गाडी गेली. मुरूम करकरत होता पण उडत नव्हता. मागे गवताचं पातं दिसलं तरी गाडी टिटवीसारखी ओरडत होती, उस्ताद ऐकत नव्हते. मी कांद्याच्या वरून एका डोळ्यानं त्या दिव्याकडे पाहत होतो. विझलेला. वळणावर विझलेला. शेवटच्या खड्या चढणीवर, जिथे बकरी दुसऱ्यांदा देवाचं नाव घेते, तिथेही विझलेला. वाडीतले लोक बाजूला सरले आणि गाडी पाठमोरी, ढुंगण पुढे करून, आक्काच्या दारात जाऊन उभी राहिली.

आक्कानं आधी डिकीलाच कुंकू लावलं. जे आधी आलं त्याला आधी. मग पुढे येऊन भावाला म्हणाली, "तोंड दाखवायची लाज वाटती का रं?"

उस्ताद पाटावर बसले तेव्हा त्यांचा उजवा पाय थरथरत होता. आक्कानं तो पाहिला, ओवाळताना ताट एकदा त्या पायावरूनही फिरवलं. मी अनवाणी खाली जाऊन चप्पल घेऊन आलो. तिच्यावर चाकाचा डागही नव्हता.

परतताना राजूरच्या बाजारात चहाला थांबलो आणि तिथे रेंज आली. वर चढावर साठलेले सगळे निरोप माझ्या खिशात एका दमात थरथरले. मी खोकलो. पुन्हा थरथरले, पुन्हा खोकलो. इतका खोकलो की चहावाल्यानं आपणहून आलं जास्त टाकलं.

उस्ताद बशीत चहा ओतत म्हणाले, "काढ त्यो फोन. लाव पोराला. जे झालं ते सांगायचं. माझी चूक हुती, माल मागं टाकला. दिवा लागला तर लागला."

मी फोन लावला. मुलानं पहिल्या रिंगला उचलला. मी म्हणालो, पोचलो, आक्काच्या दारात गाडी लावली, आता परत निघालोय. तो म्हणाला, आणि निरोप? मी म्हणालो, एकही नाही.

 मग तो म्हणाला, बरं, चावी आण्णांकडेच राहू द्या.

मी फोन ठेवला. उस्ताद बाजाराकडे बघत होते. बशी त्यांनी रिकामी केली, पालथी घातली.

"तू कायी शिकला न्हाईस," ते म्हणाले.

पुढची दोन वर्षं चावी त्यांच्याकडे होती. टरफलं चुकवत, शेणाला वळसे घालत, रोज सकाळी गाडी बाहेर काढत. मला पुन्हा कधी त्यांनी माझ्या खात्याबद्दल विचारलं नाही आणि मीही रविवारी मुलाला, सगळं ठीक, एवढंच सांगत राहिलो. मागच्या उन्हाळ्यात एके दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. चपला खाटेखाली सरळ लावलेल्या होत्या. गर्दी नगरला मावेल एवढी होती, ह्यात मी काहीच वाढवत नाही. आलेल्यांपैकी बहुतेक गाडीनं आले होते आणि गल्लीत एकालाही गाडी लावताना दुसऱ्याची मदत लागली नाही.

दहावं-तेरावं झाल्यावर मुलगा गाडी पुण्याला न्यायला आला. मी पुलापर्यंत सोबत म्हणून शेजारी बसलो. रबरी मॅटवर, उजव्या बाजूला, टाचेएवढा खळगा पडला होता. त्यानं तो पाहिला. मग बूट काढले, मोजे काढले आणि मागच्या सीटवर ठेवले.

कांदा मार्केटच्या गेटासमोर दिवा लागला. त्यानं ब्रेक दाबून, काच खाली करून बाहेर वाकून पाहिलं. टरफल होतं. मागचा टेम्पो हॉर्न द्यायला लागला.

"काका," तो समोर बघतच म्हणाला, "त्या भाऊबिजेला आत्याच्या चढावर खरंच एकदाही लागला नव्हता?"

"एकदाही नाही," मी म्हणालो.

त्यानं गाडी पहिल्यात टाकली.

"नऊ वेळा," तो म्हणाला. "माझ्याकडचे निरोप मी कधी बंदच केले नव्हते."